निळूभाऊंचा घास

आमच्या घरी ज्या माणसाचं पान दरवर्षी न चुकता वाढलं जायचं, त्याला आमच्यापैकी कुणीही कधी पाहिलेलं नव्हतं. तो आमच्या गोत्रातला नव्हता, गावचा नव्हता, देशाचाही नव्हता. ऑस्ट्रेलियातल्या कुठल्याशा गव्हाच्या पट्ट्यातला तो एक पोरगेला शिपाई, दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेच्या वाळवंटात गेलेला. केस लालभडक, म्हणून त्याच्या पलटणीतले लोक त्याला ब्लूई म्हणायचे. लाल केसांच्या माणसाला निळा म्हणायची त्यांच्याकडे पद्धतच आहे म्हणे. आईला हे पटलं नाही, पण मेलेल्या माणसाशी वाद नको म्हणून तिने ते मान्य केलं आणि त्याचं नाव निळूभाऊ ठेवून टाकलं. हे सगळं घडलं टेक्ससमधल्या शुगर लँडमध्ये. कारणीभूत दोघं, आमचे शेजारी रेजकाका आणि माझी आई, आणि दोघंही एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं इतके हट्टी.

आम्ही तिथे राहायला आलो तेव्हा मी नऊ वर्षांची होते. बाबा तेलकंपनीत इंजिनिअर. घर नवंकोरं, भिंती पुठ्ठ्यासारख्या, आणि एसी दिवसरात्र असा घरघरायचा की पाहुण्यांना वाटावं कुणीतरी आतल्या खोलीत झोपलंय. बाहेर पाऊल टाकलं की दमट हवा अंगाला चिकटायची. आईला नागपूरचं कोरडं ऊन माहीत. ती म्हणायची, "हे ऊन नाही, ही वाफ आहे. आपण इथे उकडून निघणार." तिच्या स्वयंपाकाचे आवाज मला अजून ऐकू येतात: कुकरची शिट्टी, पोळपाटाची खडखड, आणि फोडणी टाकली की लगेच बोंबलणारा छतावरचा स्मोक अलार्म. अलार्म वाजला की बाबा वर्तमानपत्र घेऊन खुर्चीवर चढायचे आणि त्याला वारा घालायचे. पुरणपोळीच्या दिवशी ते तासभर खुर्चीवरच असायचे.

अशाच एका फोडणीपायी रेजकाका आमच्या आयुष्यात आले. अलार्म वाजत होता, खिडकीतून धूर जात होता, आणि एक साठीपलीकडचा, उंच, हाफ पँटमधला माणूस बागेची पाण्याची नळी घेऊन कुंपणावरून उडी मारून आला आणि त्याने थेट आमच्या स्वयंपाकघरात पाणी सोडलं. वांग्याची भाजी वाहून गेली. आईच्या साडीचा पदर ओला, बाबा खुर्चीवर, मी टेबलाखाली. आग नाही हे कळल्यावर तो माणूस इतका ओशाळला की जाता जाईना. आईने त्याला टॉवेल दिला आणि ताटात दोन गरम पोळ्या वाढल्या. एक घास खाल्ला आणि तो म्हणाला, "अशी रोटी मला एका हिंदी शिपायाने दिली होती. तोब्रुकला, आफ्रिकेच्या वाळवंटात. सहा महिने डब्यातलं मांस खाल्ल्यावर." बाबांनी लगेच अॅटलास काढला. त्या दिवसापासून रविवारी सकाळी तीन पोळ्या जास्त लाटल्या जाऊ लागल्या.

रेजकाका अर्थात इंग्रजीतच बोलायचे, तेही नाकातल्या नाकात, निम्मे शब्द गिळून. पण माझ्या आठवणीत ते मराठीच बोलतात, त्याला माझा इलाज नाही. युद्धानंतर ऑस्ट्रेलियातून तेलविहिरींच्या कामावर टेक्ससला आले, इथल्याच एका बाईशी लग्न केलं, ती गेली, मूलबाळ नव्हतं, आणि परत जायचं राहून गेलं. कुठलंही नाव आखूड करून त्याच्या शेवटी काहीतरी चिकटवायची त्यांना खोड. मी वसुधा, तर त्यांची मी 'वॅझा'. बाबांना फार वाटायचं की शेजारी खराखुरा योद्धा राहतो, तर लढाईच्या गोष्टी ऐकाव्यात. ते पेन्सिल घेऊन बसायचे.

"रणगाडे कुठून आले, रेज? या बाजूने?"

"मला काय माहीत? मी पातेल्यापाशी होतो."

कारण रेजकाका आचारी होते. त्यांच्या सगळ्या युद्धकथा माश्यांच्या, पिसवांच्या आणि खारट पाण्याच्या चहाच्या. एकदा बॉम्ब पडला तेव्हा ते खिमा ढवळत होते, आणि धुरळा बसल्यावर त्यांनी तोच खिमा वाढला. 'आज दाताखाली छान लागतंय' असं कुणीतरी म्हणालं. बाबांची पेन्सिल हवेतच राहायची. मी मात्र हसून लोळायचे. युद्धाच्या स्मारकावर असला माणूस कुणी उभा करत नाही, हे मला खूप पुढे कळलं. तिथे बंदूक खाली टेकवून मान झुकवलेलाच शिपाई असतो, हातात डाव घेतलेला आचारी नसतो.

आता मुख्य गोष्ट. एप्रिलमध्ये एका पहाटे मी उठून खिडकीतून पाहिलं तर रेजकाका त्यांच्या अंगणात ताठ उभे. खाली नेहमीची हाफ पँट, वर कोट, कोटावर पदकं. गवतावर एक टेपरेकॉर्डर, त्यातून बिगुल वाजत होतं. मग ते संपलं आणि ते नुसतेच उभे राहिले. मी आईला उठवलं. आईने परकर सावरत थेट कुंपण गाठलं आणि विचारलं, "व्हॉट हॅपन्ड? एनीबडी डाइड?"

ते म्हणाले, हो, पण चाळीस वर्षांपूर्वी. आज अँझॅक डे. आमच्याकडे या दिवशी युद्धात गेलेल्यांसाठी उजाडताना उभं राहतात, बिगुल वाजतं, मिनिटभर शांतता पाळतात. मी ब्लूईसाठी उभा राहतो. माझा जिगरी मेट होता. गस्तीवर गेला, परत आला नाही. त्याची आई होती, तीही गेली. आता त्याला ओळखणारा मीच.

आईने डोळे पुसले. मग विचारलं, "अँड फूड?"

"फूड?"

"त्याच्यासाठी काय करता? टू ईट?"

"नथिंग."

घरात येईपर्यंत आईचा चेहरा लाल झाला होता. "अहो, ऐकलंत का? चाळीस वर्षं तो पोरगा उपाशी आहे!"

"अगं, ती मिलिटरीची गोष्ट आहे," बाबा म्हणाले. "आपलं श्राद्ध वेगळं."

"का? मिलिटरीतली माणसं जेवत नाहीत?"

पुढच्या वर्षी पान वाढायचं हे त्या क्षणी ठरलं. तिथीने करायला हवं, असं आईचं म्हणणं होतं. रेजकाका तारखेला चिकटून बसले. तारीख त्यांची, स्वयंपाक हिचा, अशी तडजोड झाली. आईने विचारलं, निळूभाऊंना काय आवडायचं? रेजकाका जरा घुटमळले. मग म्हणाले, बिस्किटं. ओट्स आणि खोबऱ्याची. घरून बायका डब्यात भरून पाठवायच्या, बोटीवर महिनोन्महिने टिकायची, अंडं न घालता केलेली. अंडं नाही म्हटल्यावर आईला तो परमेश्वरी संकेतच वाटला. त्यात साखरेचा कसलासा पिवळा पाक लागतो, तो आमच्या दुकानात नव्हता, म्हणून तिने गुळाचा पाक केला, आणि हात आखडता कशाला म्हणून वेलदोडा नि जायफळही घातलं. रेजकाकांनी चव घेऊन सांगितलं की ही मूळ बिस्किटांसारखी अजिबात लागत नाहीत, आणि चार खाल्ली.

मग आईने त्यांना कावळ्याचं सांगितलं. पान बाहेर ठेवायचं, कावळा शिवला की गेलेला माणूस तृप्त.

"आणि नाही शिवला तर?"

"तर काहीतरी राहून गेलंय. इच्छा, बोलणं. मागे राहिलेल्याने ते मोठ्यांदा सांगायचं. वचन द्यायचं. मग शिवतो."

रेजकाकांनी टेबलावरचे कण बोटाने गोळा केले. "पक्ष्याचं सोडून देऊ या का?" ते म्हणाले. "बाकी सगळं करू." आई म्हणाली, पक्षीच तर मुख्य. मला आठवतं, त्या रविवारी त्यांनी तिसरी पोळी घेतली नाही.

तो दिवस आला. बाबांनी त्यांच्या परीने एक कामगिरी अंगावर घेतली होती. रेजकाकांची बिगुलाची टेप जुनी, खरखरणारी. बाबांकडे दोन कॅसेटांचा डेक होता, त्याचा त्यांना नको इतका अभिमान. "मी कॉपी करून देतो, फर्स्ट क्लास," म्हणाले, आणि घरातली एक वापरलेली कॅसेट त्यासाठी घेतली.

आणि मी? मला पहाटे उठवून, डोक्यावरून आंघोळ घालून, नैवेद्य होईपर्यंत काही खायचं नाही असं बजावून खुर्चीवर बसवलेलं. समोर टेबलावर केळीच्या पानाऐवजी कागदी ताट. त्यात खीर, वडे, भात आणि पाच बिस्किटं. नैवेद्याचा वाससुद्धा घ्यायचा नसतो हे मला पाठ होतं. पण गुळाचा तो वास मी घेत नव्हते, तोच माझ्या नाकात येत होता. आई साडी नेसायला गेली. मी एक बिस्किट खाल्लं. पाचाची चार झाली ते कळू नये म्हणून पसरून ठेवली. मग दुसऱ्याचा एक लचका तोडला, तेवढ्यात आईच्या बांगड्या वाजल्या, आणि मी ते उष्टं बिस्किट चावलेली बाजू खाली करून ताटात सगळ्यांच्या तळाशी सरकवून दिलं.

रेजकाकांच्या अंगणात आम्ही चौघं उभे राहिलो. बाबांनी कोट-टाय घातला होता, पण अंधारात पँट सापडली नाही म्हणून खाली लेंगा. रेजकाकांची हाफ पँट आणि बाबांचा लेंगा, असे दोघे शेजारी शेजारी सावधानमध्ये. रेजकाकांनी ताट गवतावर ठेवलं. बटण दाबलं. बिगुल खरंच सुरेख वाजलं. मग शांतता सुरू झाली. सगळ्यांच्या माना खाली. साधारण वीस सेकंद गेली असतील, आणि टेपमधून माझा नागपूरचा मामा ओरडला:

"हॅलो! हॅलो! ताई, ऐकू येऊन राहिलं का? अरे, लाल बटण दाबलं का तू? दाबलं? हां. ताई, पापड पोचले का?"

त्या काळी फोन महाग, म्हणून नातेवाईक कॅसेटवर बोलून पाठवायचे. बाबांनी बिगुल भरलं ते नेमकं त्याच कॅसेटवर. बाबा टेपरेकॉर्डरवर झेपावले, लेंग्यात पाय अडकून पडले, आणि मामा पुढे सांगत राहिला की लोणच्याची बरणी बांधताना सुतळी संपली. आई कपाळाला हात लावून बसली. रेजकाका मात्र वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून हसत होते. "ब्लूईला हे फार आवडलं असतं," ते म्हणाले. "फार."

पण पक्षी येईनात. ह्यूस्टनकडे कावळ्यासारखेच काळे, लांब शेपटीचे, पिवळ्या डोळ्यांचे ग्रॅकल असतात. आईने त्यांनाच कावळ्याचा दर्जा दिला होता. एरवी हे इतके निर्लज्ज की दुकानाबाहेर माणसाच्या हातातली फ्रेंच फ्राय पळवतात. त्या दिवशी पंधरा-वीस जण कुंपणावर ओळीने बसले आणि आमच्याकडे बघत राहिले. एक खार आली, तिला आईने "तू नाही गं बाई" म्हणून हाकललं. रेजकाकांचं हसू हळूहळू उतरलं. ते ताटाकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. आईने थट्टेत आणलेली गोष्ट नव्हतीच ती, आणि आता रेजकाकांसाठीही ती थट्टा उरली नव्हती. ब्लूई माफ करतो की नाही, हेच जणू त्या कुंपणावर बसलं होतं. अर्थात हे आज म्हणते. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की हा म्हातारा आता रडणार.

आई हात जोडून पुढे झाली. "निळूभाऊ, दर वर्षी पान वाढू. काळजी करू नका." पक्षी ढिम्म. तिने बाबांना कोपर मारलं. बाबांचा यावर विश्वास नव्हता, पण घरात राहायचं होतं. "मिस्टर ब्लूई," ते घसा खाकरून म्हणाले, "रेजच्या वॉटर हीटरचं मी बघतो. धिस वीकेंड." एका ग्रॅकलने पिसं साफ केली. बस्स.

खाई त्याला खवखवे म्हणतात ना, तसं माझं झालं होतं. पक्षी का येत नाहीत ते सगळ्या शुगर लँडमध्ये फक्त मला माहीत होतं. नैवेद्य उष्टा होता. चाळीस वर्षं उपाशी राहिलेल्या माणसाच्या तोंडचा घास मी काढला होता, आणि माझ्यामुळे तो आणखी चाळीस वर्षं उपाशी राहणार होता. रेजकाकांनी एकदा ताटाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी तोंड उघडलं.

"मी खाल्ली," रेजकाका म्हणाले.

मला वाटलं, माझाच आवाज एवढा जाड कसा झाला.

त्यांनी हॅट काढली होती, आणि ते कुंपणाकडे बघून बोलत होते. "ब्लू, ती मी खाल्ली होती. तुझ्या आईने पाठवलेली बिस्किटं. तू पुढच्या खंदकात होतास, डबा माझ्याकडे आला. एकच खाणार होतो. मग एक मोडकं होतं, ते खाल्लं. मग... संपली, मेट. तुला सांगितलं, उंदरांनी खाल्ली." मग ते आमच्याकडे वळले. "हा ब्लू दोन दिवस उंदरांच्या मागे लागला होता. स्वतःच्या मोज्याचा सापळा केला. एका लठ्ठ उंदराला याने दोषी ठरवलं, त्याला नाव दिलं, त्याला शिव्या देत फिरायचा. आख्खी पलटण हसत होती, मीही हसत होतो. मला वाटलं, जरा मजा येऊ दे, मग सांगतो. तिसऱ्या दिवशी तो गस्तीवर गेला. त्या बिचाऱ्या उंदराने काहीसुद्धा केलं नव्हतं."

हे सगळं इतकं हास्यास्पद होतं, आणि तो माणूस इतका रडत होता, की आम्हाला काय करावं कळेना. आईला अर्धंच इंग्रजी समजलं असेल, पण ती जाऊन त्यांच्याशेजारी गवतावर बसली. मग बाबाही बसले, लेंगा सावरत. मग मी. आणि एक ग्रॅकल, सगळ्यांत मोठा, खाली उतरला. ऐटीत चालत आला. खिरीकडे पाहिलं नाही, वड्याला शिवला नाही. चोचीने वरची बिस्किटं बाजूला सारली, तळातलं माझं उष्टं बिस्किट उचललं आणि उडाला.

"शिवला!" आई ओरडली. "शिवला हो शिवला!" बाबांनी टाळ्या वाजवल्या. उरलेल्या बिस्किटांपैकी एक आईने रेजकाकांच्या हातात ठेवलं, आणि त्यांनी ते रडत-हसत, कणही न सांडता खाल्लं. बाबा नंतर म्हणाले, आपण सगळे खाली बसलो म्हणून पक्षी आला, उभ्या माणसांना ते भितात. आई म्हणाली, "असेल. पण मग आधी का नाही सांगितलंत?" मी मात्र कुणालाच काही सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. रेजकाकांनी चाळीस वर्षांनी का होईना सांगून टाकलं. माझ्याच्याने तेवढंही झालं नाही.

त्यानंतर बारा वर्षं हे पान वाढलं गेलं. पुढे पुढे इतर मराठी मंडळीही यायला लागली, कुणी श्रीखंड आणायचं, कुणी ढोकळा. बिगुलानंतरचा मामाचा आवाजही रेजकाकांनी पुसू दिला नाही. "पापड पोचले का" झाल्याशिवाय कार्यक्रम संपला असं त्यांना वाटायचंच नाही. मिनिटभराच्या शांततेत लोक हसू दाबायचे, आणि हीच ब्लूईची आठवण काढायची योग्य रीत, असं ते नव्या माणसाला सांगायचे. मी कॉलेजात असताना ते गेले. वकिलाकडून माझ्या नावाने एक पार्सल आलं. आत एक जुना पत्र्याचा डबा, गंजलेला, झाकणावरचं चित्र पुसलेलं. मला बघताक्षणी कळलं तो कुठला ते. डब्यात एक चिठ्ठी होती, थरथरत्या अक्षरात:

'वॅझा, त्या सकाळी ताट गवतावर ठेवताना तिरकं झालं, तेव्हा मी तळाचं बिस्किट पाहिलं होतं. दात तुझेच होते, एक सुळा पडलेला. तू बोलणार असं दिसलं, म्हणून मी आधी बोललो. कुणी विचारलंच, तर उंदरांनी खाल्लं म्हणून सांग.'

मी हॉस्टेलच्या जिन्यात बसून रडले आणि हसलेही, आणि कशाचं किती ते मला आजही सांगता यायचं नाही. माझ्या नऊ-दहा वर्षांच्या अब्रूसाठी त्या माणसाने आपलं चाळीस वर्षांचं गुपित अंगणात मांडलं होतं, आणि पुढची बारा वर्षं समोर बसून पोळी खाताना चकार शब्द काढला नव्हता.

आता आई नाही, बाबा नाहीत. मी पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्रीमाँटला मुलीजवळ राहते. इथे ग्रॅकल कमी, खरे कावळे पुष्कळ. आईला बरं वाटलं असतं. एप्रिलमध्ये मी पहाटे उठते, गुळाच्या पाकातली बिस्किटं त्याच डब्यात भरते, आणि मागच्या अंगणात दोघांचं पान वाढते. टेप कधीच तुटली, पण मामाचं वाक्य मी स्वतःच मोठ्यांदा म्हणते, शेजारच्यांना काय वाटायचं ते वाटो. ताट बाहेर नेण्याआधी त्यातल्या एका बिस्किटाचा लचका तोडते आणि चावलेली बाजू खाली करून तळाशी ठेवते. यंदा माझी सात वर्षांची नात लवकर उठली होती. ताटापाशी उकिडवी बसून तिने एकेक बिस्किट उलटून पाहिलं.

"आजी, समबडी बिट धिस वन."

"उंदीर," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग ते बिस्किट होतं तसं, चावलेली बाजू खाली करून, परत ठेवलं. तिच्या दुसऱ्या हाताची मूठ घट्ट मिटलेली होती, आणि हनुवटीला खोबऱ्याचा कीस लागला होता. मी ताट उचललं, आणि आम्ही दोघी अंगणात गेलो.